निषेध करून खुर्चीवर राहिलेला सेनापती

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापतींचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा हटकून एका समजुतीपाशी येऊन थांबते. हिटलर माथेफिरू होता, पण त्याचे सेनापती अस्सल सैनिक होते. वरून हुकूम आला की पाळायचा एवढंच त्यांना ठाऊक. नाही म्हटलं असतं तर जीव गेला असता. एकदा हे गृहीत धरलं की रोमेलचं वाळवंट, गुडेरियनचे रणगाडे आणि आर्देनच्या जंगलातून फ्रान्समध्ये घुसण्याचा मानस्टाइनचा डाव यांवर मोकळ्या मनाने रात्र जागवता येते. युद्धस्य कथा रम्याः, त्या मलाही आवडतात. पण ही समजूत खोटी आहे, आणि ती खोडून काढायला एका सेनापतीची कारकीर्द पुरेशी आहे. त्याच्याविषयी मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, कारण त्याच्या नावावर डोळे दिपवणारी एकही लढाई नाही.

त्याचं नाव योहानेस ब्लास्कोविट्झ. जन्म १८८३ चा, पूर्व प्रशियातला, वडील प्रॉटेस्टंट पाद्री. लहान वयातच लष्करी शाळेत गेला, पहिल्या महायुद्धात लढला, नंतरच्या छोट्या जर्मन लष्करात टिकला आणि पायरी पायरीने वर चढला. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर हल्ला झाला तेव्हा आठवी आर्मी त्याच्या हाताखाली होती. ९ सप्टेंबरला ब्झुरा नदीजवळ पोलिश सैन्याने त्याच्या उघड्या बगलेवर जोरदार प्रतिहल्ला केला, काही दिवस परिस्थिती बिकट झाली, आणि हिटलरची त्याच्यावर खप्पामर्जी झाली ती बहुधा तिथूनच. तरी २८ सप्टेंबरला वॉर्साची शरणागती त्यानेच स्वीकारली. १ ऑक्टोबरला त्याला जनरलओबर्स्ट हा हुद्दा मिळाला. त्याच्या वर आता फक्त फील्डमार्शल. महिनाअखेरीस पोलंडमधल्या सगळ्या जर्मन लष्कराची सूत्रं त्याच्याकडे आली.

पोलंडमध्ये लष्कराच्या मागोमाग एस.एस. या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेची आणि सुरक्षा पोलिसांची पथकं फिरत होती. शिक्षक, पाद्री, जमीनदार, वकील आणि ज्यू यांना घरातून काढून गोळ्या घालण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सप्टेंबरात काही लष्करी अधिकाऱ्यांनी अशा मारेकऱ्यांना कोर्ट मार्शलपुढे उभं करायचा प्रयत्न केला. त्यावर ४ ऑक्टोबरला हिटलरने सरसकट माफी जाहीर केली, आणि १७ ऑक्टोबरला एस.एस. आणि पोलीस लष्करी न्यायालयांच्या कक्षेतून बाहेर काढले गेले. म्हणजे कायद्याचा रस्ता बंद झाला. उरला तो फक्त वरिष्ठांकडे लेखी तक्रार करण्याचा.

ब्लास्कोविट्झने ती केली. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याचं पहिलं निवेदन लष्करप्रमुख ब्राउखिट्शकडे गेलं आणि तिथून हिटलरपर्यंत पोहोचलं. बेकायदा गोळीबार, अटका, मालमत्तेची लूट, आणि हे सगळं बघणाऱ्या सैनिकांच्या शिस्तीची काळजी, असा त्यातला मजकूर. हिटलरच्या लष्करी सहायकाने नोंदवून ठेवलं आहे की हिटलर भडकला आणि साल्व्हेशन आर्मीच्या, म्हणजे ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या, पद्धतीने युद्ध चालवता येत नाही असं म्हणाला.

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. ब्लास्कोविट्झ बसला नाही. ६ फेब्रुवारी १९४० या तारखेचं त्याचं दुसरं टिपण ब्राउखिट्शपुढे तोंडी मांडण्यासाठी तयार केलेलं होतं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे. एस.एस. आणि पोलिसांबद्दल सैनिकांच्या मनात तिरस्कार आणि द्वेष यांच्या मधली भावना आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. जर्मन राज्याचे प्रतिनिधी पोलंडमध्ये जे गुन्हे करताहेत त्यांची प्रत्येक सैनिकाला किळस येते, आणि हे सगळं जणू आपल्याच संरक्षणाखाली, शिक्षेविना कसं चालू शकतं हे त्याला समजत नाही, असंही लिहिलंय. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘आपल्याच संरक्षणाखाली.’ लष्कराने देश जिंकून दिला नसता, रस्ते आणि रेल्वे ताब्यात ठेवली नसती, तर मारेकऱ्यांना काम करता आलं नसतं, हे त्याला नेमकं कळलं होतं. पुढे न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत एकामागून एक सेनापतींनी ‘एस.एस. काय करत होती ते आम्हाला माहीत नव्हतं’ असं सांगितलं. त्यांच्यातल्याच एकाने ते युद्धाच्या सहाव्या महिन्यात कागदावर उतरवलं होतं.

हे टिपण मात्र अर्धं वाचून सोडू नये. त्यात असंही म्हटलंय की सध्या चाललंय तशी काही दहा हजार ज्यूंची आणि पोलिश लोकांची कत्तल करणं चुकीचं आहे, कारण एवढी मोठी लोकसंख्या पाहता त्याने ना पोलिश राज्याची कल्पना मरणार, ना ज्यूंचा निकाल लागणार. शिवाय शत्रूच्या प्रचाराला आयतं साधन मिळतं आणि क्रौर्याची साथ चांगल्या जर्मन माणसांमध्ये पसरते. त्याचे समर्थक म्हणतात की हिटलरच्या कानाला जी भाषा ऐकू जाईल तीच त्याने वापरली. असेलही. पण मारल्या जाणाऱ्या माणसांचा त्यांच्या जिवावर काही हक्क आहे, हे त्या टिपणाचं मुख्य म्हणणं नव्हतं. मुख्य म्हणणं असं की यात आपलं नुकसान आहे. आणि रोख सगळा एस.एस. आणि पोलिसांवर. चेन्स्तोखोव्हा या पोलिश शहरात ४ सप्टेंबरला शेकडो नागरिकांना गोळ्या घालणारे लष्कराचेच जवान होते.

तरीही मी म्हणेन की तेव्हाच्या जर्मन लष्करात एवढ्या उंच खुर्चीवरून एवढं स्पष्ट लिहिणारा माणूस विरळा होता. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. आणि ते एकदा दिलं, की लगेच विचारावं लागतं: या निषेधाबद्दल त्याला शिक्षा काय झाली?

तुरुंग नाही. चौकशी नाही. पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक हिटलरकडे त्याची तक्रार घेऊन गेला आणि मे १९४० मध्ये ब्लास्कोविट्झला पोलंडमधून हलवलं. नवव्या आर्मीची सूत्रं दिली, काही आठवड्यांत काढून घेतली. १९ जुलैला फ्रान्सच्या विजयानंतर हिटलरने लष्कराचे नऊ सेनापती एका दिवसात फील्डमार्शल केले. ब्लास्कोविट्झच्या बरोबरीचा राइशेनाऊ त्यात होता. ब्लास्कोविट्झ नव्हता, आणि पुढेही फील्डमार्शलची ती मानाची काठी त्याच्या हाती कधी आली नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये त्याला फ्रान्समधली पहिली आर्मी मिळाली आणि मे १९४४ पर्यंत तो तिथे, अटलांटिकच्या काठावर, बऱ्यापैकी शांततेत राहिला.

म्हणजे दोनदा लेखी निषेध करण्याची किंमत होती एक हुकलेली बढती. ज्यांना ‘नाही म्हटलं असतं तर जीव गेला असता’ असं वाटतं, त्यांनी इथे थांबून विचार करावा. विरोध आणि कट यांत फरक आहे, हे मान्य. फील्डमार्शल विट्झलेबेन हिटलरला मारण्याच्या कटात होता आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्याला फाशी दिलं. पण निषेध करणं, नकार देणं, बाजूला होणं यासाठी सेनापतीला मारलं जात नव्हतं. लष्कराचा जनरल स्टाफ प्रमुख लुडविग बेक याने ऑगस्ट १९३८ मध्ये राजीनामा दिला आणि सहा वर्षं तो बर्लिनमध्ये आपल्या घरी राहत होता. मेला तो १९४४ च्या कटात. खालच्या हुद्द्यांचीही गोष्ट तीच. युद्धानंतर मारेकऱ्यांचे वकील अक्षरशः जंग जंग पछाडत होते, पण निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून एखाद्या जर्मनाला देहदंड झाल्याचं एकही प्रकरण त्यांना सिद्ध करता आलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे हे सेनापती राजीनामे देत होते. नोव्हेंबर १९४१ च्या अखेरीस रोस्तोव्हमधून माघार घेण्यावरून हिटलरशी वाजलं तेव्हा फील्डमार्शल रुंडश्टेट बाजूला झाला. जानेवारी १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या आघाडीवर सैन्य मागे घ्यायला परवानगी मिळेना म्हणून फील्डमार्शल लेबने स्वतःहून मुक्त करण्याची विनंती केली. दोघांचंही काही बिघडलं नाही. रुंडश्टेटला तर काही महिन्यांत पुन्हा मोठं पद मिळालं. आघाडीची रेघ कुठे असावी यावरून पद सोडता येत होतं. लेबच्याच आघाडीच्या मागच्या भागात, लिथुआनियातल्या कोव्हनोमध्ये, १९४१ च्या उन्हाळ्यात ज्यूंच्या कत्तली झाल्या तेव्हा त्याने नाराजी दाखवली, पण पद सोडण्याइतका तो प्रश्न त्याला मोठा वाटला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पासष्टाव्या वाढदिवसाला हिटलरकडून आलेले अडीच लाख राइशमार्क त्याने घेतले.

ब्लास्कोविट्झच्या टिपणांचा प्रवास एका माणसाच्या हातून झाला, आणि त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लष्करी मुख्यालयातला हेल्मुट ग्रोसकुर्ट हा अधिकारी पोलंडमधल्या या बातम्या घेऊन पश्चिम आघाडीवरच्या सेनापतींकडे गेला, त्यांना जाग यावी म्हणून. कुणी ऐकून घेतलं, कुणी हळहळलं. करायचं कुणी काही केलं नाही. ग्रोसकुर्टला मुख्यालयातून हटवलं. ऑगस्ट १९४१ मध्ये तो युक्रेनमधल्या बेलाया त्सेर्कोव्ह गावी २९५ व्या डिव्हिजनचा स्टाफ अधिकारी होता. तिथे ज्यू आईबापांना मारून झाल्यावर मागे राहिलेली सुमारे नव्वद मुलं एका घरात कोंडली होती, त्यांतली काही तान्ही. अन्न नाही, पाणी नाही. रडणं ऐकून सैनिकांनी लष्करी पाद्र्यांना सांगितलं, त्यांनी ग्रोसकुर्टला. त्याने घराभोवती पहारा बसवला आणि मारायला नेणारी गाडी थांबवली. मग निर्णय सहाव्या आर्मीच्या प्रमुखाकडे गेला. तो होता फील्डमार्शल राइशेनाऊ. त्याने काम पुरं करा म्हणून सांगितलं. मुलं मारली गेली. ग्रोसकुर्टने लेखी अहवाल दिला, त्यावर वरून खरमरीत कानउघाडणी आली. गोळी आली नाही. तो स्टालिनग्राडनंतर रशियन कैदेत मेला.

एका लेफ्टनंट कर्नलला एका घराबाहेर पहारा बसवता आला. ज्याच्या हाताखाली अख्ख्या पोलंडमधलं लष्कर होतं, त्याने टिपणं लिहिली आणि नंतर फ्रान्सला गेला.

गेऑर्ग फॉन क्युख्लर या सेनापतीचंही उदाहरण घ्या. सप्टेंबर १९३९ मध्ये क्रास्नोसिएल्ट्स गावात सिनगॉगमध्ये पन्नास ज्यूंना मारणाऱ्यांना किरकोळ शिक्षा झाली म्हणून तो संतापला होता. ते पथक म्हणजे लष्कराला लागलेला कलंक आहे असं त्याने म्हटलं. जुलै १९४० मध्ये त्याच क्युख्लरने आपल्या आर्मीला हुकूम काढला की पोलंडमध्ये चाललेल्या ‘वांशिक संघर्षा’वर, ज्यूंना आणि अल्पसंख्याकांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवर, कुणीही टीका करायची नाही. १९४२ मध्ये तो फील्डमार्शल झाला. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. कलंक त्याला दिसला नाही असं नाही. दिसला, आणि बढतीच्या वाटेत येतो हे कळल्यावर त्याने नजर वळवली.

ब्लास्कोविट्झने असा हुकूम काढला नाही. तो फक्त गप्प झाला. चार वर्षं पहिल्या आर्मीचं मुख्यालय बोर्दोच्या बाजूला. सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेली भारतीय तुकडी १९४३ पासून त्याच भागात, लाकानोच्या किनाऱ्यावर तैनात होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. आणि त्याच युद्धात दुसऱ्या बाजूने मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत जर्मनांशी लढत होती. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये तिथेच देह ठेवला आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जर्मन लष्कर हा आपल्यासाठी फक्त पुस्तकातला विषय आहे असं समजायचं कारण नाही.

मे १९४४ मध्ये ब्लास्कोविट्झला बढती मिळून दक्षिण फ्रान्समधला आर्मी ग्रुप जी त्याच्याकडे आला. १० जूनला त्याच्या टापूत ओरादूर-स्युर-ग्लान हे गाव ‘दास राइश’ या एस.एस. डिव्हिजनने जाळलं, सहाशेहून अधिक माणसं मारली, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून. १९४० चा ब्लास्कोविट्झ यावर काय लिहिता झाला असता कुणास ठाऊक. १९४४ च्या ब्लास्कोविट्झने २० जुलैच्या कटानंतर हिटलरला निष्ठेचा संदेश पाठवला की या नीच गुन्ह्यानंतर आर्मी ग्रुप त्याच्या पाठीशी अधिकच घट्ट उभा राहील.

५ मार्च १९४५. ब्लास्कोविट्झ आता आर्मी ग्रुप एच चा प्रमुख, ऱ्हाइनच्या उत्तर टोकाला. युद्ध हरल्यात जमा होतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत असेल? त्या दिवशी त्याने हुकूम काढला: १० मार्चच्या दुपारपासून जो सैनिक आपल्या तुकडीपासून दूर, रस्त्यावर, खेड्यात, रसदीच्या गाड्यांत, निर्वासितांच्या घोळक्यात किंवा जखम नसताना मलमपट्टीच्या ठिकाणी सापडेल आणि ‘मी माझी तुकडी शोधतोय’ असं सांगेल, त्याचा जागच्या जागी खटला चालवून गोळी घालायची. या हुकुमाखाली सापडणारी पोरं सतरा-अठरा वर्षांचीही होती. २५ एप्रिलला, हिटलरच्या आत्महत्येच्या पाच दिवस आधी, त्याच्या नाइट्स क्रॉस या लष्करी पदकाला तलवारींचं मानचिन्ह जोडलं गेलं.

या काळात हॉलंड त्याच्या ताब्यात होता. तिथे त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीने आणि थंडीने मेली. १७ एप्रिलला जर्मनांनी विएरिंगरमेरचा बांध फोडला आणि पंधरा वर्षांपूर्वी समुद्रातून मिळवलेली शेतजमीन पाण्याखाली घातली. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत दोस्तांच्या विमानांना अन्न टाकू द्यायला जर्मन बाजू तयार झाली, त्यात त्याचाही होकार होता, हेही नोंदवायला हवं. ५ मे रोजी वाखेनिंगेनमधल्या एका हॉटेलात कॅनेडियन जनरल फोक्ससमोर तो शरणागतीच्या अटी ऐकायला बसला.

न्यूरेंबर्गच्या ‘हाय कमांड’ खटल्यात चौदा आरोपी होते, त्यांत ब्लास्कोविट्झ एक. खटल्याच्या पहिल्याच दिवशी, ५ फेब्रुवारी १९४८ ला, त्याने तुरुंगात उंचावरून उडी मारली. तो सुटण्याची शक्यता बरीच होती, असं पुष्कळांना वाटतं. त्याने उडी का मारली याचे तर्क करत बसण्यात मला रस नाही. न्यायालयाने ‘वरिष्ठांचा हुकूम’ ही सबब ऑक्टोबरात फेटाळली. दोषी ठरलेले बहुतेक पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बाहेर आले. शीतयुद्धात पश्चिमेला पुन्हा जर्मन सैन्य हवं होतं, आणि त्या सैन्याला निष्कलंक आजोबा हवे होते. ‘अस्सल सैनिक’ ही गोष्ट तिथे रचली गेली, सेनापतींच्याच आठवणींमधून, आणि आपण ती अजून विकत घेतो.

ब्लास्कोविट्झच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो टाकाऊ नाही: तो गेला असता तर त्याच्या जागी राइशेनाऊसारखा कुणी आला असता. काही ठिकाणी हे खरं ठरलं असतं. पण या हिशेबात फक्त एक खुर्ची धरली जाते. १९४० च्या वसंतात जर्मनीतल्या सर्वोच्च सेनापतींपैकी एकाने उघडपणे, कारण सांगून पद सोडलं असतं, तर ग्रोसकुर्टच्या हातातल्या कागदाला वजन आलं असतं. बेक घरी बसून अशाच एखाद्याची वाट पाहत होता. आणि चांगल्या माणसाने खुर्ची टिकवायची ती चांगलं करण्यासाठी, तर ते चांगलं कुठेतरी दिसायला हवं. चार वर्षांच्या मौनाच्या शेवटी दिसतो तो ५ मार्चचा हुकूम.

जर्मनीत आजही वाद आहे की सैन्यछावण्यांना कुणाची नावं द्यावीत. ऑगस्टडॉर्फच्या छावणीवर रोमेलचं नाव अजून आहे. लष्कराच्या २०१८ च्या नियमांनुसार वेरमाख्त, म्हणजे हिटलरच्या काळातलं जर्मन सैन्य, ही संस्था म्हणून आजच्या लष्कराच्या परंपरेत बसत नाही. एखादी व्यक्ती मात्र तिच्या कृतीवरून पारखून घेता येते. मला ही पारख योग्य वाटते, पण ती पूर्ण कारकिर्दीची व्हावी. ब्लास्कोविट्झचं ६ फेब्रुवारी १९४० चं टिपण सैनिकी शाळांत जरूर वाचावं, आणि त्याच तासाला ५ मार्च १९४५ चा हुकूमही.

नाव द्यायचंच असेल तर आन्टोन श्मिड आहे. व्हिएन्नाचा वीजतंत्री, वेरमाख्तमध्ये फेल्डवेबेल, म्हणजे साधा सार्जंट. १९४१ मध्ये तो लिथुआनियातल्या व्हिल्नामध्ये तुकडीपासून तुटलेल्या सैनिकांना गोळा करणाऱ्या ठाण्याचा प्रमुख होता. अशाच भरकटलेल्या सैनिकांना पुढे ब्लास्कोविट्झ गोळ्या घालायला सांगणार होता. श्मिडने ठाण्याच्या ट्रकांतून, खोट्या कागदांवर, शेकडो ज्यूंना घेट्टोतून बाहेर काढलं. जानेवारी १९४२ मध्ये पकडला गेला आणि १३ एप्रिलला त्याला गोळ्या घातल्या. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्याने म्हटलंय की मी फक्त माणूस म्हणून वागलो. रेंड्सबुर्गच्या छावणीला २००० साली त्याचं नाव मिळालं. ती बंद झाल्यावर २०१६ मध्ये ब्लांकेनबुर्गच्या छावणीला. या सार्जंटचं नाव जनरलांच्या रांगेत लावायला जर्मन लष्कराला युद्धानंतर पंचावन्न वर्षं लागली, आणि रोमेलची पाटी त्यानंतरही उतरलेली नाही.